जन्म कुठला, तालीम कुठली

मला एका जागी धड बसता येत नाही. आजही येत नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी डावा पाय हलत असतो आणि बायको मांडीवर चापट मारते. पण त्या रविवारी जालन्याच्या मंगल कार्यालयात माझी जी घालमेल झाली, तशी नंतर कधी झाली नाही. आणि गंमत बघा, त्या दिवशी जे काही झालं ते सगळं माझ्याच तोंडानं झालं. दुसऱ्या कोणाच्या नावानं बोटं मोडायची सोयसुद्धा नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. कॉम्प्युटर गेमच्या जिल्हा स्पर्धेचा शेवटचा सामना होता, भोकरदन तालुका विरुद्ध जालना तालुका. पाच जण इकडून, पाच जण तिकडून, दहा कॉम्प्युटर एकमेकांना वायरीनं जोडलेले. खेळ बंदुकांचा. एका बाजूनं बॉम्ब ठेवायचा, दुसऱ्या बाजूनं तो फुटायच्या आत निकामी करायचा. आमच्या तालुक्याच्या संघाचा कॅप्टन मी.

स्पर्धा भरवली होती एका कॉम्प्युटर क्लासवाल्या सरांनी. त्यांनी त्याआधी आयुष्यात फक्त कबड्डीचे सामने भरवले होते, त्यामुळे इथंही सगळं कबड्डीसारखंच. संघ तालुकावार. प्रत्येक खेळाडूला सरपंचाच्या सहीशिक्क्याचं रहिवासी पत्र. पंच म्हणून एक रिटायर झालेले क्रीडाशिक्षक, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. डाव संपला की ते शिट्टी मारायचे. कॉम्प्युटर आपला आपण सांगायचा कोण जिंकलं ते, पण मास्तरांची शिट्टी झाल्याशिवाय कोणी टाळी वाजवायचं नाही. लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडून प्रोजेक्टर आणला होता, आणि नवरा-नवरीच्या खुर्च्या जिथं मांडतात तिथं पांढरी चादर ताणली होती. समोर दोनेकशे माणसं. निम्म्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तालुक्याचं नाव होतं ना, मंग ती आली होती.

मला त्या सामन्यात खेळायचं होतं ते काही तालुक्यासाठी नाही. मला माझ्या वडिलांना दाखवायचं होतं.

आमचे अण्णा पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत हेडमास्तर. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. मी त्यांचा थोरला, आणि डिप्लोमाच्या गणितात दोनदा नापास होऊन दोन वर्षं घरी बसलेला. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत, ते बोलायचेच बंद झाले. भाकरी वाढ, दार लाव, एवढंच. मी सकाळी भोकरदनला जायचो आणि दिवसभर कॅफेत खेळायचो. एकच गोष्ट मला चांगली यायची आणि ती अण्णांच्या लेखी गोष्टच नव्हती. शेवटी त्यांनीच ओळखीनं जालन्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात गाड्या वजन करायच्या काट्यावर काम बघितलं. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं, बारा तासांची पाळी. म्हणजे खेळ संपला. तेव्हा मी धीर करून म्हणालो, "अण्णा, रविवारी फायनल हाय." ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "येतो. काय असतं ते बघतो तरी." मी चार दिवस धड जेवलो नाही.

आमच्या संघाचा हुकमी एक्का होता माझा आतेभाऊ. आत्या औरंगाबादला दिलेली, पोरगं तिथंच वाढलं, कॉलेजही तिथंच. पण आमच्या गावाचा तो भाचा. भाचा एका घराचा नसतो, गावाचा असतो. पारावर बसलेला कोणीही म्हातारा त्याला "ये भाच्या" म्हणून बोलवायचा. त्याचं नाव संघात घालायचं ठरवलं तेव्हा सरपंचांनी 'सदर इसम आमच्या गावचा रहिवासी' असं डोळे झाकून लिहून दिलं. हे खोटं आहे असं मलाही वाटलं नाही. भाचाच तर आहे.

पोरगं खेळायला मात्र जबरदस्त. पहिल्या दोन सामन्यांत त्यानं समोरच्याला उभंच राहू दिलं नाही. झालं, लोकांचे डोळे त्याच्यावर गेले. फायनलच्या आधी चहाची सुट्टी झाली आणि मंडपात एकच विषय सुरू झाला. हे पोरगं कोणाचं?

"औरंगाबादचं हाय ते. मी बघितलंय तिथं."

"अन् तयारी? तयारी कुठली?"

"तीबी तिथलीच. आपल्या भोकरदनात असली पोरं तयार होऊन राह्यली असती तर काय पायजे होतं?"

एक बियाण्याच्या दुकानातले गृहस्थ बशीत चहा ओतत म्हणाले, "हे बघा, बियाणं जालन्याचं नेलं, पेरलं औरंगाबादच्या रानात. तर कापूस कोणाचा?"

"ज्यानं पाणी दिलं त्याचा!"

"वा रे वा! मंग बियाणं काय फुकट?"

एक जण कुस्तीच्या नादातला दिसत होता. त्याचं म्हणणं असं की पैलवानाला जन्म कोणी विचारत नाही, तालीम विचारतात, उस्ताद विचारतात. तो सरळ माझ्या आतेभावापाशी आला. "तुहा उस्ताद कोण रे?" पोरगं गोंधळलं. म्हणालं, "कोणी नाही काका. कॅफेत बसून बसून शिकलो." हे काही त्या माणसाला पटलं नाही. बिगर उस्तादाचा खेळाडू म्हणजे त्याला काहीतरी काळंबेरं वाटायला लागलं. मागून एक म्हातारा बोलला, "भाचा म्हंजे पाव्हणा. पाव्हण्याला पंगतीत पयलं ताट. पर वावरात हिस्सा न्हाई!" हशा पिकला.

माझं डोकं तापायला लागलं होतं. मी उठायचो, दोन चकरा मारायचो, पुन्हा बसायचो. मधल्या ओळीत अण्णा बसले होते, पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. शेजारी माझे मामा. मामा टेंभुर्णीचे, आईचे सख्खे भाऊ, भाच्याचा सामना म्हणून मुद्दाम आलेले. जाफ्राबाद तालुका पहिल्याच फेरीत गारद झाला होता, त्यामुळे मामांना आता आमच्याशिवाय कोणी नव्हतं. ते दर दोन मिनिटांनी मला हात करायचे. अण्णा चादरीकडं बघत होते. चादर अजून कोरीच होती.

सुट्टी संपली आणि जालन्याच्या कॅप्टननं हात वर केला. शांत पोरगं, तोंडात सुपारी. "मास्तर, आक्षेप हाय. भोकरदनचा तो खेळाडू बाहेरचा हाय."

पंचांनी पत्र काढलं, नाकासमोर धरलं. माझ्या आतेभावाला विचारलं, "बाळ, तू राहतोस कुठं?"

आणि ते सज्जन पोरगं म्हणालं, "औरंगाबादला, सर."

मला त्याचा पाय तुडवावासा वाटला. अरे, थोडं थांब तरी! पंच पत्राची घडी घालायला लागले. तो गेला की सामना गेला, आणि अण्णांसमोर मी हरणार. मी काय करतोय हे कळायच्या आत मी खुर्चीवर चढलो होतो.

"मास्तर, रहिवासी म्हंजे काय?" मी ओरडलो. "भाड्याची खोली कुठं हाय ते? उद्या नोकरीला मुंबईला गेलो तर मी मुंबईचा का? ह्याची नाळ आमच्या पिंपळगावात पुरलेली हाय! आमच्या घरामागं! जागा दाखवतो चला! माणूस जिथं जन्मतो तिथला असतो. तालीम कुठंबी होऊ द्या. माती बदलत न्हाई!"

काय टाळ्या पडल्या! बियाणेवाल्या गृहस्थांनीसुद्धा वाजवल्या. मी चोरून अण्णांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघत होते. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

पंचांनी शिट्टी मारून शांतता केली. "ठीक. कॅप्टनचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. मग नियम असा करू, जन्म ज्या तालुक्यात, खेळाडू त्या तालुक्याचा. दोन्ही संघांना मान्य?"

"मान्य," जालन्याचा कॅप्टन लगेच म्हणाला. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं. त्या पाचही जणांचा जन्म जालन्याच्या दवाखान्यातला, त्यांना कसली भीती? पण माझ्या कानात अजून टाळ्याच वाजत होत्या. मी छाती काढून म्हणालो, "एकदा न्हाई मास्तर, तीनदा मान्य!"

पंच शिस्तीचे. नियम केला म्हणजे सगळ्यांना लावायचा. त्यांनी कागद घेतला आणि एकेकाला जन्मठिकाण विचारायला लागले. जालन्याचे पाच झाले. आमच्याकडचे तिघं झाले, सगळे भोकरदन तालुक्यातलेच. आतेभाऊ म्हणाला, "पिंपळगाव रेणुकाई." आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मग मी. मीही म्हणालो, "पिंपळगाव रेणुकाई."

देवाशपथ सांगतो, मी खोटं बोललो नाही. माझ्या ध्यानातच नव्हतं. आपल्याकडं कोणी विचारलं तर आपण बापाचं गाव सांगतो. पहिलं पोर आईच्या माहेरी होतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ते कोणी मोजत नाही. आत्या माहेरी आली म्हणून तिचा पोरगा आमच्यात जन्मला. मग माझी आई कुठं गेली असेल? एवढा साधा हिशोब, आणि खुर्चीवर चढून भाषण ठोकणाऱ्या शहाण्याला तो सुचला नाही.

मागून मामांचा आवाज आला. खणखणीत, हसरा.

"काय सांगून राह्यला रे भाच्या! टेंभुर्णीचा हाय तू! आमच्या घरात झाला!"

सगळा मंडप तिकडं वळला. मामा उभे राहिले होते. त्यांना वाटलं असणार, भाच्याची बाजू आपण भक्कम करतोय. "मास्तर, बिलकुल खात्रीनं सांगतो. सुईण आणायला मीच गेल्तो, सायकलवर. बैल जुंपायला टाइमच न्हाई मिळाला. म्हातारी कॅरिअरवर बसून सारखी म्हणायची, जल्दी हाण, जल्दी हाण! अन् घरी पोचलो तं हा रडूनबी राह्यला व्हता. अख्ख्या टेंभुर्णीत पेढे वाटले म्या!"

आणि मग असा हशा, असा हशा, की प्रोजेक्टरवाला पोट धरून खाली बसला. "जाफ्राबाद तालुका!" कोणीतरी ओरडलं. "कॅप्टनच बाहेरचा निघाला की!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मामा अजून हसत होते. त्यांना अजून कळलं नव्हतं.

पंचांना वाईट वाटलं असावं. त्यांनी अण्णांकडं बघितलं. "गुरुजी, हा तुमचाच मुलगा आणि तुमच्याच शाळेतला. दाखला तुमच्या हातचा. तुम्ही सांगाल ते मी लिहितो."

अण्णा सावकाश उठले. पिशवी खुर्चीवर ठेवली. मी मनात म्हणत होतो, अण्णा, एकदा. फक्त एकदा. पिंपळगाव म्हणा. कोण बघायला येतंय रजिस्टर? ज्या माणसाच्या, पोराचं वय एका वर्षानं कमी लिहा म्हणून, लोक हातापाया पडायचे आणि जो कधी बधला नाही, त्याच्याकडं मी हे मागत होतो. मला माहीत होतं ते काय म्हणणार. तरी मागत होतो.

"टेंभुर्णी," अण्णा म्हणाले. "तालुका जाफ्राबाद." आणि खाली बसले.

मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी पंचांचा हात धरला. "मास्तर, मंग रहिवासीचाच नियम ठेवा ना. पयलाच. तो बराबर होता." लोक आता खुर्च्या बडवून हसायला लागले. जालन्याचा कॅप्टन सुपारी चघळत म्हणाला, "तीनदा मान्य म्हणला होतास ना दोस्त?" आतेभाऊ उठला, कानाशी येऊन म्हणाला, "तू म्हण, जुना नियम. मी उठतो. मामा आलेत तुझ्यासाठी." त्याचे मामा म्हणजे माझे अण्णा. त्या पोराला कळलं होतं.

मी त्याला खांद्याला धरून खाली दाबलं. "बस खाली." मोठं मन वगैरे काही नाही. तो नसता तर आम्ही चांगले सडकून हरलो असतो, आणि अण्णांनी पहिल्यांदा बघायचं ते माझं हरणं, हे मला सोसलं नसतं. त्यापेक्षा न खेळलेला बरा. माझ्या जागी केदारखेड्याचा राखीव पोरगा बसला. त्याची आईही भोकरदन तालुक्यातलीच निघाली, सुटला बिचारा. मी माझा माऊस शर्टाला पुसून त्याच्या हातात दिला.

मामा एक खुर्ची सरकले होते आणि मधल्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. मी तिथं जाऊन बसलो. एका बाजूला मामा, एका बाजूला अण्णा. मामांचा चेहरा उतरला होता. "माह्यामुळं झालं काय रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला कोणी इचारलं होतं का?" मी खेकसलो. "काय गरज व्हती तोंड उघडायची?"

ते रुमालाची घडी घालायला लागले. ज्या माणसानं माझ्यासाठी सायकल हाणली, त्याला मी चारचौघांत असं बोललो. पुढं मी माफी मागितली, पण ती फार उशिरा.

"त्यांना कशाला बोलतोस?" अण्णा म्हणाले. "नियम तू मागितला. मामा खरं बोलले." हेही खरंच होतं. मला उठून पळून जावंसं वाटत होतं. पाय तर असा हलत होता की पुढची खुर्चीसुद्धा हलत होती.

सामना आम्ही जिंकलो, हे सांगून टाकतो. कसा जिंकलो ते मला नीट आठवत नाही, कारण मी अर्धा वेळ जमिनीकडं बघत होतो. शिट्ट्या होत होत्या, आतेभावाच्या नावानं आरोळ्या होत होत्या, आणि मागं कोणीतरी अजून म्हणत होतं की पोरगं औरंगाबादचंच. मला वाटत होतं, संपू दे हे एकदाचं. उद्या सकाळी काट्यावर जाऊन बसतो, बारा तास गाड्या मोजतो, विषय संपला.

दुसरा की तिसरा डाव असेल. अण्णा चादरीकडं डोळे बारीक करून बघत होते. चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडं थोडे झुकले.

"यातला तू कोणता असतास?"

मला प्रश्न कळलाच नाही. "अं?"

"तू खेळला असतास तर यातला कोणता माणूस तू? मला सगळे सारखेच दिसून राह्यले."

मी केदारखेड्याच्या पोराचा माणूस दाखवला. "तो बघा. जिना चढून राह्यला ना, डाव्या हाताला. तो."

"हा? निळा?"

"हा."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि मग त्यांनी दुसरीकडं बघितलंच नाही. आतेभाऊ कोपऱ्यात काय कमाल करत होता, लोक कशासाठी उभे राहत होते, त्यांना त्याचं काही नव्हतं. तो निळा माणूस जिना चढला की यांची मान वर, तो भिंतीआड दबला की हे खुर्चीत दबले. "दार बघ, दार बघ," असं काहीतरी पुटपुटत होते. माझा पाय कधी थांबला ते मला कळलं नाही.

आणि केदारखेड्याचा पोरगा दारातून बेधडक घुसला. मी कधीच घुसलो नसतो तसा. गोळी लागली, निळा माणूस आडवा झाला. अण्णा अर्धे उठले. "अरे! गेलास की रे!" दोन ओळी पुढची माणसं वळून बघायला लागली. आमच्या अण्णांचा एवढा मोठा आवाज मी वर्गाबाहेर कधी ऐकला नव्हता.

"संपलं मंग?" त्यांनी मला विचारलं. चेहरा खरंच पडला होता.

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. "पुढच्या डावाला उठतो मी परत."

तेवढ्यात मामांनी घड्याळ बघितलं आणि माझ्यावरून वाकून अण्णांना म्हणाले, "दाजी, चारची गाडी गाठायची तं निघा लागंल आता."

अण्णांनी डोळे चादरीवरून काढले नाहीत. "जाऊ द्या ती गाडी," ते म्हणाले. "याचा डाव राह्यलाय अजून."